लाईन, करंट, व्होल्टेज, पॉवर: नववी-दहावीच्या विजेचा गुंता सोडवताना

आमच्या गावात विजेला चार नावे आहेत. आली-गेली की ती ‘लाईन’. झटका बसला की ‘करंट’. पंखा हळू फिरायला लागला की ‘व्होल्टेज नाही’. आणि विहिरीवरची मोटर पाणी ओढेनाशी झाली की ‘पॉवर कमी येऊन राहिला’. सगळे जण हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते नववीत, ‘धाराविद्युत’चा धडा उघडल्यावर.

माझेही अडले होते. आमच्या शाळेत ॲमीटर होता, पण तो कपाटात आणि कपाटाला कुलूप. फळ्यावर चौकोनी आकृती निघाली, आम्ही ती वहीत उतरवली, झाले प्रात्यक्षिक. चाचणीत मी लिहिले, ‘बल्बमधून गेल्यावर धारा कमी होते, कारण बल्ब ती वापरतो.’ भोपळा मिळाला. तो का मिळाला, हे पुढे आयटीआयला वायरमन ट्रेडला गेल्यावर कळले. आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली पाच-सहा पोरे बसतात. त्यांच्याबरोबर मी ज्या क्रमाने जाते, तोच क्रम खाली देते. तुमच्या शाळेतले कपाट उघडे असेल तर उत्तमच, नसेल तरी अडणार नाही.

आधी एक अट

खालचे सगळे प्रयोग पेन्सिल सेलवरच करायचे. घरच्या बोर्डात वायर घालून काहीही करायचे नाही, मल्टिमीटरसुद्धा नाही. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पोरांना फार खुणावते. तिलाही हात लावू नका, ट्रॅक्टरच्या बॅटरीला तर मुळीच नाही. १२ व्होल्टने झटका जाणवत नाही हे खरे. पण दोन्ही टोकांवर चुकून पाना किंवा अंगठी टेकली, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीतून शेकडो ॲम्पिअर धारा वाहते आणि ते लोखंड क्षणात लाल होते. सेलमध्ये एवढी ताकद नाही, म्हणून सेल.

सामान

- पेन्सिल सेल ४, आणि चार सेल बसतील असा होल्डर (बिघडलेल्या खेळण्यातला चालतो)
- टॉर्चचे जुन्या पद्धतीचे, आत तार असलेले छोटे बल्ब २
- लाल एलईडी २
- २२० ओहमचे रोध, म्हणजे दुकानातले रेझिस्टर, २ (पट्ट्या: लाल, लाल, तपकिरी, शेवटी सोनेरी)
- साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, ॲम्पिअर, ओहम तिन्ही मोजणारा)
- पातळ वायर दोन-तीन मीटर, जमल्यास क्रोकोडाइल क्लिपा

हे सगळे तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळते. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे गर्दी असते, आदल्या दिवशी गेलात तर तो दोन गोष्टी समजावूनही सांगतो. मल्टिमीटर पाच जणांत मिळून एक घ्या. वायर दातांनी सोलू नका. मी सोलायचे, म्हणून सांगते.

१. चार शब्द चार ठिकाणी ठेवा

ठिबक तुम्ही पाहिलेच आहे. उंचावर टाकी, खाली नळ्या. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. नळीतून दर मिनिटाला किती पाणी जाते तो प्रवाह. नळी बारीक असेल किंवा कचऱ्याने तुंबली असेल तर अडथळा.

दाबाच्या जागी विभवांतर ठेवा, एकक व्होल्ट. प्रवाहाच्या जागी विद्युतधारा, एकक ॲम्पिअर. अडथळ्याच्या जागी रोध, एकक ओहम. राहिली ‘पॉवर’, म्हणजे विद्युतशक्ती: दर सेकंदाला किती काम होते ते, एकक वॅट. ‘लाईन’ मात्र पुस्तकात कुठेच नाही, ती ओट्यावरच राहू द्या.

आता नेमकेपणा. वायरीच्या एखाद्या जागेवरून एका सेकंदात १ कूलोम प्रभार गेला, तर धारा १ ॲम्पिअर. १ कूलोम म्हणजे किती इलेक्ट्रॉन? एकावर अठरा शून्ये दिली की जी संख्या होते, तिच्या जवळपास सव्वासहा पट. आणि १ कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना १ ज्यूल काम होत असेल, तर त्या दोन बिंदूंमधले विभवांतर १ व्होल्ट.

या दोन व्याख्यांतला फरक पुन्हा वाचा. धारा एका जागेतून जाते. विभवांतर दोन जागांमध्ये असते. ‘या तारेत २३० व्होल्ट वाहतात’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे. व्होल्ट वाहत नाहीत. ११ हजार व्होल्टच्या तारेवर कोतवाल पक्षी शेपटी हलवत निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्या दोन पायांमध्ये विभवांतर जवळजवळ नसतेच. त्याने एक पाय दुसऱ्या तारेवर ठेवला, तर त्याचा कोळसा.

व्होल्ट आणि ॲम्पिअर एक नव्हेत, याची खात्री पटवणारी गोष्ट आपल्या धुऱ्यावरच उभी असते. रानडुकरांसाठी सोलरचे झटका मशीन लावतात ना? त्याच्या तारेत काही हजार व्होल्टचा झटका येतो, तरी त्याने जीव जात नाही. तो झटका साधारण सेकंदातून एकदाच येतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो आणि त्यातली ऊर्जा मोजून-मापून ठेवलेली असते. याउलट घरच्या २३० व्होल्टवर थेट जोडलेले कुंपण जनावराला मारते, आणि रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसालाही. तिथे व्होल्ट कमी, पण धारा थांबतच नाही. असे कुंपण घालणे गुन्हा आहे. तुमच्या शेजारी कोणी घालत असेल तर घरी मोठ्यांना सांगा. हा प्रश्न परीक्षेला येणार नाही.

पाण्याची उपमा इथपर्यंतच ताणा. पाइप कापला तर पाणी बाहेर सांडते. वायर कापली तर धारा सांडत नाही, ती सगळीकडे एकदम थांबते.

२. वर्तुळ पूर्ण करा

एक सेल, एक बल्ब, एकच वायर. बल्ब लावून दाखवा.

दहातली आठ पोरे वायरीचे एक टोक सेलच्या टोपीला, दुसरे बल्बच्या बुडाला लावतात आणि वाट बघतात. काही होत नाही. मग सेल बदलतात. दोष सेलचा नाही. बल्बला दोन दारे असतात: एक बुडाशी असलेला शिशाचा ठिपका, दुसरे बाजूचा धातूचा आटा. आतली बारीक तार या दोघांना जोडते. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर, आणि परत सेलच्या दुसऱ्या टोकाकडे. बल्बचे बूड सेलच्या टोपीवर टेकवा, वायर आट्यापासून सेलच्या खालच्या टोकापर्यंत न्या. लागला.

असे पूर्ण वर्तुळ म्हणजे परिपथ. कळ हे वर्तुळ तोडते आणि जोडते, तिला दुसरे काम नाही.

इथेच एक पोरगी हमखास विचारते, “ताई, इलेक्ट्रॉन सेलपासून बल्बपर्यंत जाईपर्यंत बल्ब थांबत काऊन नाही?” फार चांगला प्रश्न. वायरीतले इलेक्ट्रॉन सरकतात फार हळू, सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी. पण वायर रिकामी नसते, ती आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. पाण्याने भरलेल्या पाइपाची तोटी उघडली की पाणी लगेच पडते, विहिरीतले पाणी येईपर्यंत थांबावे लागत नाही. तसेच.

दिशेचाही एक घोळ आहे. पुस्तकात धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे दाखवतात, इलेक्ट्रॉन मात्र उलट जातात. धन-ऋण ही नावे १८व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने दिली, इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. तोवर बाण काढून झाले होते आणि ते कोणी बदलले नाहीत. आकृतीत बाण नेहमी धनाकडून ऋणाकडे काढा.

३. मीटर कुठे लावायचा

सगळ्यात जास्त मल्टिमीटर या पायरीवर मरतात.

धारा मोजायची तर वर्तुळ तोडायचे आणि तुटलेल्या जागी मीटर बसवायचा, म्हणजे सगळी धारा मीटरमधून जाईल. ही एकसर जोडणी. म्हणून ॲमीटरचा रोध अगदी कमी ठेवलेला असतो, त्याने वाट अडवू नये. विभवांतर मोजायचे तर वर्तुळाला हात लावायचा नाही. ज्या दोन जागांमधले मोजायचे तिथे मीटरची दोन टोके नुसती टेकवायची. ही समांतर जोडणी. व्होल्टमीटरचा रोध खूप जास्त असतो, त्याने धारा पळवू नये म्हणून.

सापळा असा: मल्टिमीटर धारेच्या खुणेवर ठेवायचा आणि टोके सरळ सेलला टेकवायची. मीटरचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे तुम्ही सेलची दोन टोके वायरीने जोडल्यासारखेच झाले. आतला फ्यूज जातो आणि मग पोरे म्हणतात, मीटर डुप्लिकेट निघाला. दर वेळी टोके टेकवण्याआधी फिरते बटण बघा. रीडिंग उणे आले तर घाबरू नका, लाल-काळी टोके उलटी लागलीत एवढेच.

आता माझा भोपळा मिळालेला प्रश्न सोडवा. सेल, बल्ब, मीटर एका वर्तुळात लावा. आधी मीटर बल्बच्या अलीकडे, मग पलीकडे. दोन्ही रीडिंगा लिहा.

सारख्याच येतात. बल्ब धारा खात नाही. जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते. बल्ब वापरतो ती ऊर्जा, आणि ती दिसते विभवांतराच्या रूपाने: बल्बच्या दोन टोकांवर मीटर व्होल्टच्या खुणेवर लावला की आकडा येतो, नुसत्या वायरीच्या दोन टोकांवर लावला की जवळपास शून्य. हा प्रयोग स्वतःच्या हाताने करा, दुसऱ्याने केलेला बघू नका. पुढचा सगळा धडा याच्यावर उभा आहे.

४. ओहमचा नियम, स्वतःच्या आकड्यांत

जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने हा नियम १८२७ साली छापला. भौतिक अवस्था, म्हणजे मुख्यतः तापमान, तीच राहिली तर वाहकातून जाणारी धारा त्याच्या टोकांमधल्या विभवांतराच्या प्रमाणात असते. पुस्तकातले सूत्र: विभवांतर = धारा × रोध.

२२० ओहमचा रोध घ्या, आधी एक सेल, मग दोन, तीन, चार. १.५ व्होल्टला धारा सुमारे ६.८ मिलिॲम्पिअर यावी, ३ ला १३.६, साडेचारला २०.५, ६ ला २७.३. तुमचे आकडे नेमके असे येणार नाहीत. नवा सेल १.६ च्या आसपास दाखवतो आणि सोनेरी पट्टीचा अर्थच असा की रोध पाच टक्के इकडे-तिकडे असू शकतो. पण प्रत्येक ओळीत व्होल्टला ॲम्पिअरने भागा. उत्तर २२० च्या आजूबाजूलाच घुटमळेल. आलेख काढा, सरळ रेषा येईल.

भागाकारात मिलिॲम्पिअरचे ॲम्पिअर करायला विसरलात तर रोध ०.२२ येतो. अर्ध्या वर्गाचा येतो.

आता तोच खेळ टॉर्चच्या बल्बवर करा, दोन सेलपर्यंतच. रेषा वाकते. बल्बने नियम मोडला असे नाही. त्याची तार तापली, तापमान बदलले, रोध वाढला. नियमातली अटच तुटली. मोठ्या बल्बचे बघा: १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बटण दाबताच सुरुवातीला दहापट धारा घुसते, म्हणून जुना बल्ब उडायचा तो बहुधा बटण दाबतानाच.

एलईडी तर याहून तऱ्हेवाईक. उलटा लावला तर लागतच नाही, लांब पाय धन टोकाकडे हवा. एका सेलवरही लागत नाही. आणि चार सेलवर थेट लावला तर जळतो. त्याच्यासोबत २२० ओहमचा रोध एकसर लावा. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, उरलेल्या ४ व्होल्टला २२० ने भागले की १८ मिलिॲम्पिअर. चालते.

रोध कशावर ठरतो तेही इथेच. वायर दुप्पट लांब, रोध दुप्पट. आडवा छेद दुप्पट, रोध निम्मा. लक्षात घ्या, व्यास दुप्पट केला तर छेद चौपट होतो, म्हणून रोध पाव. परीक्षेत ‘त्रिज्या’ आणि ‘क्षेत्रफळ’ हे शब्द मुद्दाम बदलून देतात. तिसरी गोष्ट पदार्थ. हीटरच्या नायक्रोम तारेची रोधकता तांब्याच्या साठपटीहून जास्त असते, म्हणून ती तापते आणि तिला जोडलेली तांब्याची वायर तशी तापत नाही.

५. एकसर आणि समांतर

दोन बल्ब एकामागे एक: एकसर. वाट एकच, म्हणून धारा दोघांत तीच, विभवांतर वाटले जाते. एक काढला की दुसरा विझतो. दोन बल्ब शेजारी-शेजारी, दोघांची टोके सेलच्या दोन टोकांना: समांतर. विभवांतर दोघांना पूर्ण, धारा वाटली जाते. एक काढा, दुसरा लागलेलाच राहतो. घरात सगळे समांतर असते, नाहीतर पंखा बंद केला की टीव्हीही गेला असता.

दोन २२० ओहम एकसर लावून मल्टिमीटरच्या ओहम खुणेवर मोजा: ४४०. समांतर: ११०. सेल काढून मोजा, नाहीतर आकडा काहीही येतो. समांतरमध्ये रोध कमी कसा झाला? टोलनाक्यावर दुसरी खिडकी उघडली की रांग कमी होते ना. समांतरच्या गणितात व्यस्तांची (१ ÷ रोध) बेरीज झाल्यावर शेवटी उत्तर उलटायचे राहून जाते. तपासायची सोपी खूण: समांतरचे उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षाही लहान यायलाच हवे.

शिक्षकांचा आवडता प्रश्न: ६० आणि १०० वॅटचे बल्ब २३० व्होल्टवर एकसर लावले तर कोणता जास्त उजळ? सगळे १०० म्हणतात. बरोबर उत्तर ६०. शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध, म्हणून ६० वॅटच्या बल्बचा रोध जास्त, ८८२ ओहम. एकसरमध्ये धारा दोघांत तीच, आणि धारा तीच असेल तर ज्याचा रोध जास्त त्याच्यात शक्ती जास्त. रोध तेच धरले, तर ६० वाल्याला सुमारे २३ वॅट मिळतात, १०० वाल्याला १४.

६. शेवटच्या घराचा पंखा हळू का फिरतो

हे पुस्तकात नाही, पण धडा समजला की नाही हे मी यावरून ओळखते.

डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, निघालेली तार पहिल्या घरी आणि शेवटच्या घरी तीच. मग शेवटच्या घरातच व्होल्टेज कमी का? कारण तारेलाही रोध असतो. समजण्यापुरते धरा, जाणारी-येणारी तार मिळून १ ओहम. रात्री घरोघरी पंखे-दिवे चालू, एकूण धारा ५ ॲम्पिअर. ओहमचा नियम लावा: तारेतच ५ व्होल्ट खर्च, शेवटच्या घराला २२५. आता कोणी गिरणी सुरू केली, कोणी आकडा टाकला, धारा ३० ॲम्पिअर झाली. तारेत ३० व्होल्ट गेले, घरी उरले २००. धारा कुठेच ‘संपली’ नाही, वाटेत विभवांतर खर्च झाले. पूर्वी हे पिवळ्या बल्बवर लगेच दिसायचे. एलईडी बल्ब आत स्वतःची सोय करून घेतात, म्हणून आता पंख्याकडे बघा.

विहिरीवरची मोटर मात्र वेगळी वागते. व्होल्टेज कमी झाले की ती तेवढेच पाणी ओढायचा हट्ट धरते आणि जास्त धारा घेते, तापते, शेवटी वाइंडिंग जळते. इथे ‘विभवांतर कमी म्हणजे धारा कमी’ लावू नका. मोटर म्हणजे साधा रोध नव्हे.

आणि म्हणूनच लांबच्या प्रवासाला वीज चढ्या विभवांतरावर पाठवतात. १०० किलोवॅट शक्ती २३० व्होल्टने न्यायची तर ४३५ ॲम्पिअर लागतात, ११ हजार व्होल्टने न्यायची तर ९. तारेतली उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे त्याच तारेत नुकसान दोन हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे. तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक वाहिनी जाते ती ५०० किलोव्होल्टवर, तीही एकदिश धारेची (डीसी). कोळसा आपला, धूर आपला, दिवे तिकडे, आणि भारनियमन पुन्हा आपल्याकडेच, असे आमचे आबाजी म्हणत. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही.

७. कूलर, अर्थिंग आणि किटकॅटमधली तार

विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि पत्र्याच्या कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात कोणाचा तरी जीव घेतो. ‘विद्युतधारेचे परिणाम’ या दहावीच्या धड्यातले सगळे सुरक्षेचे शब्द या एका डब्यात भेटतात.

घरात तीन तारा येतात: वीजयुक्त, तटस्थ आणि भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग. पहिल्या दोघींत २३० व्होल्टचे विभवांतर. कूलरच्या पंपाची वायर खरचटली आणि वीजयुक्त तार पत्र्याला लागली, की पत्रा आणि जमीन यांच्यात २३० व्होल्ट उभे राहतात. अर्थिंग चांगली असेल तर धारा त्या कमी रोधाच्या वाटेने भसकन जमिनीत जाते, फ्यूज उडतो, तुम्ही वाचता. नसेल तर पत्रा वाट बघत बसतो. मग कोणी तरी अनवाणी, ओल्या हाताने पाणी टाकायला येते. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, ओल्या शरीराचा साधारण हजारापर्यंत उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर. ३० मिलिॲम्पिअरच्या आसपासच जिवाला धोका सुरू होतो. पाणी टाकताना आधी प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकून तटस्थ तारेवर बसवलेले असले तर ते बंद असूनही आतली तार जिवंत राहते.

तीन पिनांपैकी वरची जाड-लांब पिन अर्थिंगची. लांब यासाठी की प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. ती कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकतात, ती अंधश्रद्धा नाही. कोरड्या मातीचा रोध वाढतो.

फ्यूजला पुस्तकात वितळतार म्हणतात, ती जिच्यात बसवतात ती किटकॅट. धारा मर्यादेबाहेर गेली की ती तार वितळून वर्तुळ तोडते. ‘सारखी उडून राहिली’ म्हणून तिथे जाड तांब्याची तार गुंडाळली, की फ्यूज उडत नाही हे खरे. मग भिंतीतली वायर जळते.

एमसीबी आणि ईएलसीबी यांत पोरे गोंधळतात. एमसीबी जास्त धारा झाली की पडतो, म्हणजे वायर वाचवतो. ईएलसीबी माणूस वाचवतो. तो सतत एकच गोष्ट तपासतो: वीजयुक्त तारेतून जितकी धारा गेली, तितकीच तटस्थ तारेतून परत आली का? ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की क्षणार्धात बंद. कारण परत न आलेली धारा दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत गेलेली असते. बल्बच्या अलीकडे-पलीकडे तुम्ही घेतलेल्या त्या दोन रीडिंगा आठवा. हे यंत्र दिवसभर तेच मोजत असते.

कोणाला शॉक लागून चिकटलेले दिसले तर हात लावू नका. मेन बंद करा, ते जमत नसेल तर सुक्या लाकडी काठीने वायर दूर करा. ही काठी घरच्या २३० व्होल्टपुरतीच. खांबावरची तार तुटून पडली असेल तर लांबच राहा आणि वीज बंद करायला कळवा.

८. पेपरात

थोडक्यात सांगते. सेलच्या चिन्हात लांब रेघ धन, आखूड-जाड रेघ ऋण. ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर, आकृतीत बाण आणि धन-ऋण खुणा दाखवा. गणितात आधी दिलेले एककासह लिहा, मिलि-किलो काढून टाका, मग सूत्र, मग आकडे, उत्तराला एकक. बॅटरीवर ‘८ ॲम्पिअर-तास’ लिहिले असेल तर तो प्रभार आहे: ८ × ३६०० = २८,८०० कूलोम. आणि ‘युनिट’ म्हणजे किलोवॅट-तास, ते ऊर्जेचे एकक आहे, शक्तीचे नाही. १ युनिट = ३६ लाख ज्यूल.

९. मीटरच्या लाल दिव्यासमोर उभे राहा

युनिटचे गणित करायला घरचा मीटर पुरतो, आणि हात लावायची गरज पडत नाही. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास’ असे काही तरी इंग्रजीत छापलेले असते. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या. ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट, म्हणजे एका लुकलुकीला ३६ लाख ÷ ३२०० = ११२५ ज्यूल.

घरातले सगळे बंद करायला लावा, एक पंखा ठेवा. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. १५ आले तर ११२५ ÷ १५ = ७५ वॅट. तुमचा पंखा नेमका तेवढाच खातो का, ते त्याच्या पट्टीशी ताडून बघा. मग कूलर लावून मोजा, फ्रिज असेल तर फ्रिज. पाण्याच्या हीटर रॉडला तर मोजायला वेळच मिळत नाही, दिवा सेकंदाला एक-दीड वेळा टिमटिमतो. प्रत्येकाचे वॅट, रोज किती तास, महिन्याचे युनिट असा तक्ता करा आणि बिलाशी जुळवा.

आमच्या ओट्यावरच्या एका सातवीतल्या पोराने सगळे बंद केल्यावरही दिवा लुकलुकतो हे पकडले. दोन दिवस शोधाशोध केली. निघाला तो टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, रिमोटने ‘बंद’ केलेला.